डोकं मोजा, मग टाके घाला

थंडी तोंडावर आली की आमच्या टपालात स्वेटरच स्वेटर असतात. गोव्यातल्या साखळी गावच्या आजींना आलेली अडचण यंदा निम्म्याअधिक पत्रांत आहे, म्हणून त्यांना जागा जास्त दिली. बाकीच्यांनी रुसू नये.

प्रश्न : नातू पुण्याला असतो, जानेवारीत दोन वर्षांचा होईल. सुनेने मोबाईलवर फोटो पाठवला आहे: अंगभर दाणेदार म्हणजे साबुदाणा वीण, मध्ये दोन वेण्या, डोक्यातून घालायचा बंद गळ्याचा स्वेटर. लोकरमिश्रित डबल निटिंग धागा आणि 8 नंबरच्या सुया घेतल्या. साध्या विणीचा नमुना केला तर 10 सेंमीत 22 टाके आले. त्या हिशेबाने 29 सेंमी रुंदीसाठी 64 टाके घालून साबुदाणा वीण विणली. पाठ पूर्ण झाली ती 32 सेंमीची! वयामुळे माझा हात सैल झाला का? आणि गळा डोक्यातून जाईल ना? छाती 52 सेंमी, डोकं 48.
— एक आजी, साखळी

उत्तर : हात अगदी ठीक आहे तुमचा. फसवलं ते नमुन्याने. साध्या विणीत सगळे सुलट टाके एका बाजूला शिस्तीत उभे राहतात. साबुदाण्यात एक टाका पुढे येतो, शेजारचा मागे जातो आणि वरच्या ओळीत ते अदलाबदल करतात. त्यामुळे कापड आडवं पसरतं आणि उंचीला बसतं. 22 टाक्यांच्या जागी 20 मावतात, ओळी मात्र 28 च्या जागी 36 पर्यंत लागतात. पाठीला 3 सेंमी, पुढ्याला 3 सेंमी, म्हणजे घेरात 6 सेंमींचा फरक. दोन वर्षांच्या पोराच्या अंगावर तो डोळ्यांत भरतो. नमुना ज्या विणीत स्वेटर, त्याच विणीत करायचा. तोही चांगला 15 सेंमी चौरस विणून, धुऊन, वाळवून आणि मग मधले 10 सेंमी मोजून.

विणलेली पाठ उसवा. जीव तुटेल, तरी उसवा. सुटलेला धागा कुरळा होतो आणि तसाच विणला तर टाके वाकडे-तिकडे दिसतात. म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, दोन-चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यातून काढून सावलीत टांगा.

आता नवा हिशेब. छाती 52, आत एक शर्ट असणार, म्हणून तयार घेर 59-60 सेंमी. पाठीला 61 टाके घाला. कडेचा एकेक टाका शिवणीत जाईल, उरतील 59, म्हणजे साडेएकोणतीस सेंमी. टाके विषम घ्यायचं कारण असं की साबुदाण्यात मग प्रत्येक ओळ ‘एक सुलट, एक उलट’ अशीच सुरू होते आणि मध्येच फोन आला तरी कुठे होतो ते शोधत बसावं लागत नाही. खाली 10 नंबरच्या बारीक सुयांवर 4 सेंमी बॉर्डर, मग 8 नंबरवर साबुदाणा, एकूण उंची 34 सेंमी. मुंढ्याची कापणी नको, सरळ वर चला. खांद्यांना 18-18 टाके, मध्ये गळ्याला 25. पुढचा गळा खांद्यापासून 5 सेंमी खाली उतरवा.

खरा प्रश्न गळ्याचाच आहे. या वयात छाती आणि डोकं यांच्या मापात चार-पाच सेंमींचाच फरक असतो. मोठ्यांच्या मापावरून अंदाजाने लहान केलेला स्वेटर छातीला बरोबर बसतो आणि कानांवर अडकतो. मग पोर रडतं आणि तो स्वेटर पुन्हा घालू देत नाही. वरच्या मापाने तुमच्या गळ्याची कड साधारण 32 सेंमी होईल. ती 48 पर्यंत ताणायची म्हणजे बॉर्डरचा जीव काढणं. त्यापेक्षा डावा खांदा बटणांचा करा. पाठीच्या डाव्या खांद्याचे टाके बंद न करता 10 नंबरवर पाच-सहा ओळी बॉर्डर विणून पट्टी काढा. पुढच्या खांद्यावर तशीच पट्टी, तिच्यात दोन काजं आणि तिसरं गळपट्टीत. वाट 14-15 सेंमींनी वाढते, उरलेलं बॉर्डर सांभाळते. गळपट्टीचे टाके बंद करताना हातात 8 नंबरची सुई घ्या, नाहीतर शेवटची ओळ दोरीसारखी आवळते. बटणं चपटी घ्या आणि विणायच्या लोकरीने नव्हे, मजबूत दोऱ्याने शिवा, मग जोर लावून ओढून पाहा. तीन वर्षांखालचं मूल सुटलेलं बटण तोंडात घालणारच. गळ्यात ओवायच्या नाड्या आणि गोंडे तर मुळीच नकोत.

सुनेच्या फोटोतल्या वेण्यांबद्दल माझं मत कडू आहे. वेणी कापडाला आत ओढते, धागा खाते आणि छातीवर जाड थर करते. एवढ्याशा अंगावर दोन वेण्या म्हणजे चिलखत. पोत हवा तर सुलट-उलटाच्या खेळातून भरपूर मिळतो. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचं नाव ज्यांना पडलं, ते कोळ्यांचे निळे स्वेटर मुख्यतः सुलट-उलट नक्षीचे असतात. आपल्या बेतूलच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्याला स्वेटर हवा कशाला, पण त्या थंड समुद्रावरच्या लोकांची एक युक्ती लहान मुलांना फार उपयोगी आहे. बाही वेगळी विणून जोडायची नाही. खांद्याच्या कडेवरून टाके उचलायचे आणि मनगटाकडे विणत जायचं. दोर ओढून बाहीचं टोक झिजलं की ते तेवढंच उसवून पुन्हा विणायचे. तुमच्या नातवाची बाही झिजणार नाही, तोकडी पडेल. पुढच्या थंडीत मनगटाची बॉर्डर उसवा, आणखी 3 सेंमी विणा, बॉर्डर परत घाला. खालून वर विणलेल्या बाहीत हे इतक्या सहज होत नाही.

तर बाहीसाठी आधी डाव्या खांद्याच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून बाहीकडच्या टोकाला टाचा. खांद्याच्या दोन्ही अंगांना साडेबारा-साडेबारा सेंमीवर खूण करून मधे 49 टाके उचला. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत 33 वर या, मग मनगटाला 4 सेंमी बॉर्डर. खांदा दंडावर उतरलेला असल्यामुळे सगळी मिळून 20 सेंमी बाही पुरे. टाके घटवताना वीण चुकते अशी तक्रार बऱ्याच जणींची आहे. ओळीच्या सुरुवातीवर विसंबू नका, सुईवरचा टाका बघा. त्याच्या गळ्याशी दाणा दिसला तर सुलट, सपाट दिसला तर उलट.

धागा 200 ग्रॅमच्या आसपास लागेल. दाणेदार वीण साध्यापेक्षा जास्त खाते, म्हणून 250 आणा आणि वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या. विणून झाल्यावर इस्त्री फिरवू नका. धाग्यात अ‍ॅक्रिलिक असेल तर गरम वाफेने दाणे कायमचे बसतात आणि सगळी मेहनत सपाट होते. ओला स्वेटर टॉवेलात गुंडाळून दाबा आणि मापात पसरून वाळवा.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. आम्ही मडगावातच राहतो. गोव्यात स्वेटर विणणं म्हणजे हौसच ना? सासूबाई म्हणतात, सुती धाग्याचा विण. कसा विणू?
— एक आई, मडगाव

उत्तर : दिवसा हौसच. पण देवळातल्या दहीकाल्याच्या नाटकाला पहाटेपर्यंत मांडवात बसलात किंवा माघात मंगेशीच्या जत्रेला गेलात की दव पडायला लागतं आणि पोर पदरात घ्यावं लागतं. तेवढ्यासाठी सासूबाईंचं ऐका, त्या बरोबर सांगतात. सुती धाग्यात दाणे लोकरीपेक्षा उठून दिसतात आणि अंगाला टोचत नाही. मात्र सूत जड असतं आणि त्याला लोकरीसारखी परत येण्याची ओढ नसते. बॉर्डर दोन नंबर बारीक सुईवर विणा. ठरवलेल्या उंचीपेक्षा दोनेक सेंमी कमीच ठेवा, स्वतःच्या वजनाने तो खाली येतो. हँगरवर टांगाल तर झबल्याचा परकर होईल! बाह्या अर्ध्या चालतील.

वीण सोपी सांगते: पुढची ओळ सगळी सुलट, मागची एक सुलट-एक उलट, टाके विषम. लक्ष एकाच ओळीत द्यावं लागतं. पोर जागं असताना पुढची विणायची, निजलं की मागची.

प्रश्न : मोठ्या नातीचे लोकरी कपडे धाकट्यासाठी ठेवलेत. पावसाळ्यात कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. डांबराच्या गोळ्या किती घालाव्यात?
— वाळपईहून

उत्तर : एकही नको. बाळाच्या कपड्यांत तर नाहीच. या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. अशी कमतरता पुष्कळदा घरच्यांना ठाऊकच नसते. आधीच गोळ्यांत ठेवलेले कपडे असतील तर नुसतं उन्हात टाकून भागवू नका, धुऊन, चांगली हवा लावून, वास पूर्ण गेल्यावरच घाला.

कसर दुधाच्या, घामाच्या डागांवर आधी येते. त्यामुळे मे महिन्यात, ऊन कडक असताना, सगळं धुऊन खडखडीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वाळवलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून घाला, पण खरं काम धुण्याचं आहे, पाल्याचं नव्हे. पावसाने उघडीप दिली की डबा उघडून कपड्यांना वारा द्या. निव्वळ अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, बुरशी मात्र त्याच्यावरच्या मळावर धरते.

प्रश्न : व्हिडिओत ‘8 नंबरची सुई’ सांगितली होती. माझ्या 8 नंबरवर दोन वर्षांच्या मापाचा स्वेटर बाहुलीचा झाला. असं का?
— म्हापसा

उत्तर : व्हिडिओ अमेरिकेतला असणार. त्यांची 8 नंबरची सुई 5 मिमीची, आपल्याकडे चालणारी जुन्या ब्रिटिश मापाची 8 नंबर 4 मिमीची. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. आपली 10 म्हणजे सव्वातीन मिमी, त्यांची 10 म्हणजे तब्बल 6. नंबर विसरा आणि मिमी विचारा. सुईवरचा आकडा पुसला असेल तर शुक्रवारच्या बाजाराला जाल तेव्हा सुया मोजायची भोकांची पट्टी मिळते का पाहा. ती हाताशी असली की घरातल्या आजेसासूच्या सुयासुद्धा कामाला येतात.