कूपन हातात, पण यादी कुठाय?

घरखर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकू, लग्नानंतर मी डोंबिवलीत आले. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. वाणसामान आणायचं काम माझ्याकडे आहे. मी दर रविवारी मोठ्या दुकानात जाते, ॲपवरची कूपनं वापरते, एकावर एक फ्री असेल तर तेही घेते. तरी महिन्याचा खर्च कमी होत नाही. सासूबाई म्हणतात, महिन्याची यादी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे टाक. कोणाचं बरोबर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघींचंही, पण वेगवेगळ्या जिनसांच्या बाबतीत. सांगलीला सासऱ्यांच्या किराणा दुकानात मी वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसले, त्यामुळे काउंटरच्या आतून हा व्यवहार कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

आधी कूपनाचं बघू. समज, कूपन आहे ‘२००० च्या खरेदीवर २०० रुपये सूट’. तुझी यादी १७०० रुपयांची. तू ३०० रुपयांची बिस्किटं आणि सरबताची बाटली टोपलीत टाकलीस आणि १८०० भरलेस. सूट मिळाली खरी, पण यादीपेक्षा १०० रुपये जास्त गेले. त्याच ३०० रुपयांत पुढच्या महिन्याला लागणारी कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण घेतला असतास, तर ते २०० खरोखर वाचले असते. म्हणून एक कर. वहीत या महिन्याची यादी लिही आणि त्याच पानावर खाली पुढच्या महिन्याला लागणारं, न नासणारं सामान लिहून ठेव. कूपनाची रक्कम भरून काढायची ती त्या खालच्या यादीतूनच. आणि कूपन ‘पुढच्या बिलावर’ वापरायचं असेल, तर पुन्हा फेरी मारायला लावण्यासाठीच ते दिलेलं असतं. त्यासाठी मुद्दाम जाऊ नकोस.

‘एमआरपीवर ३० टक्के सूट’ या पाटीने मला तरी कधी भुरळ पडली नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किती किंमत घेता येते तो आकडा. कंपनीने तो चढा छापला, की सूट आपोआप मोठी दिसते. तू किलोचा भाव बघ. आता पाकिटावर एमआरपीबरोबर एका ग्रॅमची, किलोची किंवा लिटरची किंमतही छापावी लागते. अक्षर बारीक असतं, पण पुडा उलटून ते वाचच. पुड्यांच्या ठरावीक मापांची सक्ती उठल्यापासून शेजारी शेजारी ठेवलेले दोन पुडे सारख्याच वजनाचे असतील, असं धरून चालता येत नाही.

तेलात तर हमखास फसायला होतं. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. एका पिशवीवर ९१० ग्रॅम आणि १५० रुपये लिहिलंय, शेजारच्या तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीवर ८५० ग्रॅम आणि १४५ रुपये. हात १४५ कडे जातो. हिशेब केलास तर पहिलं किलोला १६५ रुपयांच्या आसपास पडतं, दुसरं १७० च्या वर. तेलाची तुलना नेहमी ग्रॅममध्येच करावी.

एकावर एक फ्री दिसलं की पहिल्यांदा तारीख वाच. साबण, टूथपेस्ट खुशाल घे. रवा, मैदा, बेसन मात्र पावसाळ्यात जोडीने आणू नकोस. दमट हवेत दुसरा पुडा फोडेपर्यंत त्याला जाळी धरते.

आता सासूबाईंचं म्हणणं. डाळी, तांदूळ, गूळ, मसाल्याचे जिन्नस सुटे घ्यायचे असतील तर वाणीच बरा. शंभर ग्रॅम मेथ्या हव्या असतील तर तो तेवढ्याच देतो आणि डाळ नीट शिजली नाही तर दुसऱ्या दिवशी बदलूनही देतो. तूरडाळ घेताना मूठभर हातात घेऊन तळव्यावर चोळून बघ. पीठ आणि चुरी किती सुटते, जुनाट वास येतो का, ते लगेच कळतं. नुसती चकाकी बघून डाळ निवडू नये, ती पॉलिशची असू शकते.

आणि खरी बचत कुठे आहे सांगू? हंगामात. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून बाजारात यायला लागते, लाल मिरची त्याच सुमारास, गहू मार्च-एप्रिलनंतर. गूळ गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा थंडीत घ्यावा आणि साठवणीचा कांदा उन्हाळी घ्यावा. आपल्या आज्या उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरत ते उगीच नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये वर्षाचं मावणार नाही, पण तिघांना सहा महिने पुरेल एवढी तूरडाळ एका डब्यात बसते. डाळीला दोन दिवस कडक ऊन दे, किलोला चमचाभर एरंडेल तळहाताला लावून चोळ, पुन्हा ऊन दे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. गरम डाळ भरली तर आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पाऱ्याच्या किंवा कीटकनाशकाच्या गोळ्या धान्यात अजिबात ठेवू नकोस. त्या जिवावर बेततात.

सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून तांदळाचं पोतं आणलं तर भाव आणखी उतरतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून नेमकं हेच करत आली आहे. शेजारची कुटुंबं एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी उतरतो आणि तिथून सगळ्या वाटून घेतात. तुमच्या भागात संघ आहे का, याची चौकशी जरूर कर. मला हा मार्ग कुठल्याही कूपनापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात गरज नसलेलं काही घ्यावंच लागत नाही.

प्रश्न : सेलमध्ये घेतलेल्या बेसनात अळ्या निघाल्या. तारीख संपलेली नव्हती. दुकानदार म्हणतो, सेलमधला माल परत घेत नाही, बिलावर तसं छापलंय. आता काय करायचं?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : तसं छापलेलं असलं तरी खराब माल त्याला नाकारता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेलमध्ये घेतलेली असली तरीही. पुडा फेकू नका. बॅच नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढा, बिलाचीही एक प्रत काढून ठेवा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून जाते. मग दुकानात जाऊन व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तरी ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा.