झिगच्या चर्चेत नवख्याने तोंड उघडावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण गोव्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहात, प्रोग्रॅमिंगची सी ही भाषा बऱ्यापैकी येते आणि झिग ही नवी भाषा शिकायला घेतली आहे. परंतु दर नव्या आवृत्तीत जुना प्रोग्रॅम मोडतो, तिच्या ऑनलाइन चर्चेत जाणती मंडळी एकाच मुद्द्यावर आठवडाभर वाद घालतात, भाषेत बदल सुचवणाऱ्याला बहुधा नकारच मिळतो आणि आपले इंग्रजी कच्चे असल्यामुळे काही लिहायला हात धजत नाही. अशा भाषेला वेळ द्यावा का, आणि दिला तर तिच्या चर्चेत पडावे का?

वेळ द्यावा आणि चर्चेतही पडावे, असे मला मनापासून वाटते. मात्र तिथे जाताना स्वतः लिहिलेला आणि कुठेतरी अडलेला एखादा लहानसा प्रोग्रॅम बरोबर असावा. नुसते मत घेऊन गेलेल्या माणसाच्या पदरी तिथे फारसे काही पडत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत मी यंत्रांच्या नियंत्रणाचे प्रोग्रॅम लिहितो आणि ते सगळे काम सीमध्ये चालते. झिग मी घरच्या कामासाठी हाती घेतली. मांडवी नदीच्या काठी आमच्या कुटुंबाचे थोडे खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला मानस, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची दारे, असते. भरतीच्या दाबाने तिची दारे मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडताना ती उघडतात. दार झिजले किंवा फळीत फांदी अडकली, तर खारे पाणी रात्रीतून आत येते आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून मानशीच्या आतल्या बाजूला मी पाण्याची पातळी मोजणारे एक यंत्र बसवले आहे. त्यात आर्म जातीच्या प्रोसेसरचा एक स्वस्त बोर्ड, म्हणजे छोटा संगणकच, असून त्यावर लिनक्स चालते आणि दर मिनिटाला फाइलमध्ये एक ओळ लिहिली जाते.

झिगकडे वळण्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक होते. माझ्या लॅपटॉपवर बसून त्या बोर्डासाठी प्रोग्रॅम बांधायला वेगळी साधने गोळा करावी लागली नाहीत. झिगचा एकच संच उतरवून घेतला, प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालणार ते आदेशात सांगितले आणि तयार फाइल बोर्डावर नेऊन चालवली. सीचा प्रोग्रॅमसुद्धा याच संचातून दुसऱ्या यंत्रासाठी बांधता येतो. उबरसारख्या मोठ्या कंपनीनेही २०२२ साली आपल्या कामात झिगचा उपयोग प्रथम एवढ्यापुरताच केला होता.

दुसरे कारण भाषेतच आहे. सीमध्ये फाइल उघडली, मग सेन्सर सुरू केला, मग मेमरी घेतली आणि चौथ्या पायरीला चूक झाली, तर मागचे तिन्ही आवरण्यासाठी फंक्शनच्या तळाशी 'गोटू'ची, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी मारण्याच्या आदेशांची, शिडी उभारावी लागते, आणि त्या शिडीची एखादी पायरी कधी ना कधी चुकतेच. झिगमध्ये एखादी गोष्ट मिळवली की लगेच खालच्या ओळीत 'एररडिफर' लिहून, पुढे चूक झाली तर ती कशी सोडायची, हे सांगून ठेवता येते. घेणे आणि सोडणे एकमेकांना लागून दिसते, त्यामुळे वाचणाऱ्याला पान उलटावे लागत नाही. ॲलोकेटरचे, म्हणजे मेमरी मिळवून देणाऱ्या साधनाचेही तसेच आहे. ज्या फंक्शनला मेमरी लागते त्याच्या हाती ॲलोकेटर उघडपणे द्यावा लागतो. नजरेआड काही घडू नये, हा या भाषेचा आग्रह आहे आणि चर्चेतले निम्मे वाद याच आग्रहातून निघतात.

आता मोडतोडीविषयी. ०.१५ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि मी चतुर्थीच्या सुट्टीत घरी असताना यंत्राचा प्रोग्रॅम तिच्यावर नेला. या आवृत्तीत वाचन-लेखनाचा सगळा भाग नव्याने लिहिला होता. भाषेचे जनक अँड्र्यू केली यांनीच या बदलाला 'रायटरगेट' असे नाव दिले होते, यावरून त्याचा आवाका लक्षात यावा. कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाने, दाखवलेल्या चुका दोन तासांत दुरुस्त केल्या, प्रोग्रॅम चालू झाला, बोर्डावरचा दिवा दर मिनिटाला लुकलुकू लागला आणि फाइल मात्र रिकामीच राहिली. दुपारी जेवून येऊन पाहतो तो तिच्यात एकदम शंभरावर ओळी. संध्याकाळी पावसात वीज गेली आणि ती परत आल्यावर मधल्या दीड-दोन तासांच्या नोंदी नाहीशा झालेल्या दिसल्या.

कारण शोधताना हिशेब मांडला. नव्या रचनेत फाइलमध्ये लिहिणाऱ्या साधनाला बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवण्याची मेमरीतली जागा, आपण द्यायची असते. मी ४०९६ बाइटचा दिला होता, माझी एक ओळ सुमारे ३० बाइटची होती आणि ओळ मिनिटाला एक, म्हणजे बफर भरून फाइलमध्ये उतरायला सव्वादोन तास लागत होते. ओळ लिहून झाल्यावर 'फ्लश', म्हणजे साठलेले लगेच फाइलमध्ये उतरव, असे म्हणायला हवे होते आणि ते मी म्हटलेच नव्हते. मला राग आला होता, हे कबूल करतो. फाइल बंद होताना हे आपोआप का होऊ नये, असा एक तावातावाचा मजकूर मी लिहून काढला. पाठवण्याआधी त्याला आधार म्हणून सोळा ओळींचा एक नमुना तयार केला आणि मजकूर बाजूला ठेवून तो नमुनाच, एका साध्या प्रश्नासह, झिगच्या चर्चेत पुढे ठेवला.

त्याला मिळालेले उत्तर असे होते. फ्लश करणे म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्ष लिहिणे, आणि ते फसू शकते. डिस्क भरलेली असेल किंवा कार्ड खराब झाले असेल. फाइल बंद करण्याचे काम आपण बहुधा 'डिफर'वर, म्हणजे तो भाग संपताना आपोआप करायच्या कामांत, सोपवतो आणि डिफरच्या आतून चूक वर कळवता येत नाही. म्हणजे आपोआप फ्लश झाले असते, तर फसलेले लेखन गुपचूप गिळले गेले असते. मानशीजवळच्या यंत्राच्या बाबतीत तर ती चूक मला पहिल्यांदा कळायला हवी. हा बदल मुळात का झाला, हेही त्या ओघात समजले. पूर्वीच्या रचनेत 'लेखक' (मजकूर लिहिणारे साधन) घेणारे प्रत्येक फंक्शन प्रत्येक प्रकारच्या लेखकासाठी वेगळे घडवले जाई. आता लेखकाचा प्रकार एकच आहे आणि बफर त्याच्या दर्शनी भागात असल्यामुळे लहानसहान लेखन तिथल्या तिथे भागते. माझी अडचण खरी होती आणि त्यांचा नकारही सकारण होता. वाद वाचण्याची माझी रीत त्या दिवसापासून बदलली.

सगळेच नकार मला पटले आहेत, असे मात्र नाही. ०.९ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, न वापरलेला स्थानिक चल (फंक्शनमधले, किंमत ठेवणारे नाव) ही कंपायलरच्या लेखी चूक आहे. बांधावर चिखलात उभे राहून, मांडीवरच्या लॅपटॉपवर एक ओळ तात्पुरती झाकली की फक्त तिच्यातच वापरलेला चल न वापरलेला ठरतो आणि प्रोग्रॅम बांधलाच जात नाही. तो चल मुद्दाम टाकून दिला आहे असे दाखवणारी आणखी एक ओळ लिहावी लागते आणि मागाहून ती काढायची राहून जाते. यावर पुष्कळांनी हरकत घेतली आणि नियम कायम राहिला. स्ट्रक्टमधली, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातली, क्षेत्रे बाहेरच्या कोडपासून खासगी ठेवता यावीत, ही सूचनाही नाकारली गेली. तो नकार मला पटतो, कारण दुसऱ्याच्या लायब्ररीत काय चालले आहे ते पाहण्याची आणि वेळ पडल्यास हात घालण्याची मुभा यंत्राजवळ काम करणाऱ्याला लागतेच. चलाच्या नियमाबद्दल मात्र माझी तक्रार आजही तशीच आहे.

आपल्याला जो नकार कोरडा वाटतो, त्यामागे कामाची रचनाही आहे. केली यांनी २०१५ मध्ये ही भाषा घडवायला घेतली, २०१६ च्या फेब्रुवारीत ती लोकांसमोर आणली आणि २०१८ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ तिच्यामागे लागले. २०२० मध्ये झिग सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ती मुख्यतः देणग्यांवर चालते. रस्ट या अशाच कामांच्या दुसऱ्या भाषेत मोठ्या बदलासाठी लेखी प्रस्ताव, त्यावर उघड चर्चा आणि मग संबंधित गटाचा निर्णय, असा क्रम असतो. झिगमध्ये शेवटचा शब्द एका माणसाचा आहे आणि १.० आवृत्ती अजून यायची असल्यामुळे तो शब्द फिरूही शकतो. जुने असिंक, म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरे चालू ठेवण्याची सोय, २०२३ च्या ०.११ मध्ये बाजूला पडले, पुढे ०.१५ मध्ये त्यासाठीचे शब्दच भाषेतून गेले, आणि त्यांच्या जागी वाचन-लेखनाचे साधन ॲलोकेटरसारखेच फंक्शनच्या हाती देण्याचा नवा आराखडा पुढे आला. ज्यांनी जुन्या असिंकवर बरेच काही उभे केले होते, त्यांचे हाल झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून महाविद्यालयाचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प झिगमध्ये करणार असाल, तर एकच आवृत्ती धरून ठेवा आणि परीक्षा संपेपर्यंत ती बदलू नका.

रस्ट विरुद्ध झिग या वादात फार वेळ घालवू नये. सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक रस्ट बांधणीच्या वेळीच पकडते. झिग तशी हमी देत नाही, सुरक्षित बांधणीत ॲरेच्या सीमा तपासते आणि डीबगच्या (चुका शोधण्याच्या) ॲलोकेटरमधून मेमरीची गळती दाखवते. जिथे ती हमी हवी, तिथे रस्ट वापरावी.

आता इंग्रजीविषयी, कारण आपल्या प्रश्नातली खरी अडचण मला हीच वाटते. झिग प्रकल्पाचा नियम असा आहे की चूक नोंदवताना, बदल पाठवताना किंवा तिथे टिप्पणी करताना भाषिक एआयकडून मजकूर लिहून घ्यायचा नाही, भाषांतरासाठीसुद्धा नाही. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की इंग्रजीला प्रोत्साहन आहे, परंतु सक्ती नाही. आपण आपल्या मातृभाषेत लिहावे, वाचणारा आपल्या सोयीने भाषांतर करून घेईल. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. कोकणी की मराठी हा वाद ऐकतच आपण गोव्यात वाढलो आहोत, पण प्रोग्रॅमविषयी यांपैकी एका भाषेत विचारायचे आपल्या मनातही येत नाही. कोणाकडून तरी गुळगुळीत इंग्रजी लिहून घेऊन पाठवण्यापेक्षा आपले मोडकेतोडके इंग्रजी किंवा सरळ मराठी तिथे अधिक मोलाची आहे, कारण त्यातून आपण नेमके काय पाहिले ते पोहोचते. आणि सोळा ओळींचा प्रोग्रॅम बरोबर असेल, तर बाकीचे तो सांगतो.

सुरुवात कुठून करावी, तर आपण सीमध्ये लिहिलेला एखादा शंभर-दीडशे ओळींचा प्रोग्रॅम घ्या, शक्यतो फाइल वाचणारा, आणि तो झिगमध्ये उतरवा. जिथे अडाल तिथली ओळ, कंपायलरचा संदेश जसाच्या तसा आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा. मग त्याच अडचणीवर पूर्वी झालेली चर्चा शोधून शेवटपर्यंत वाचा, विशेषतः नकार देणाऱ्याचे म्हणणे. एवढे करूनही शंका उरली, तर ती विचारा. आणि ०.१५ घेतलीत, तर लिहून झाल्यावर फ्लश करायला विसरू नका.