पुळणीवरची चटई

प्रश्न : मी ५६ वर्षांची, नाशिकची. जानेवारीत आम्ही नणंद-भावजय पहिल्यांदाच घरच्यांशिवाय गोव्याला चाललोय, मांद्र्याला, पाच दिवस. राहण्याच्या ठिकाणी सकाळी साडेसातला किनाऱ्यावर योगवर्ग असतो. मला फार मनापासून करावासा वाटतोय. पण त्यांच्या फोटोंत सगळी विशी-तिशीतली, बरीचशी परदेशी, अंग कसंही वळणारी मंडळी दिसतात. माझा उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे, आणि मला अंगभर कपड्यांशिवाय चालत नाही. चार वर्षं घरी टीव्हीसमोर आसनं करते, तेवढाच अनुभव. नणंद म्हणते, ‘आपण तिथे शोभणार नाही, त्यापेक्षा फिरून येऊ.’ जावं का?

उत्तर : जा, ताई. आणि नणंदेलाही घेऊन जा.

‘शोभणार नाही’ हे शब्द वाचले आणि तुमचं पत्र सगळ्यांत आधी घेतलं. मी मूळची रत्नागिरीची. शिकले लोणावळ्याला कैवल्यधामात आणि मधली चार वर्षं हिवाळ्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर असेच वर्ग घेत होते. तुमच्या वयाच्या बायका वर्गात आल्या की मला खरंच आनंद व्हायचा. ताडासन सांगितलं की त्या ताडासनात उभ्या राहत, शेजारणीचा पाय किती वर गेला ते बघत नसत. त्या वर्गांत सगळ्यांत सुंदर शवासन मी एका साठी उलटलेल्या बाईंचं पाहिलंय. भरतीची गाज चालू होती आणि त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती.

भाषेची भीती बाळगू नका. शिकवणारी इंग्रजीत बोलली तरी ताडासन, भुजंगासन, शवासन ही आपलीच नावं कानावर येतील. ‘डाउन डॉग’ म्हणजे अधोमुख श्वानासन. ‘चाईल्ड पोज’ म्हणजे बालासन, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी शशांकासन म्हणून शिकवतात त्याच्या अगदी जवळचं. फळ्यावर ‘विन्यास’ किंवा ‘पॉवर’ लिहिलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका. त्यात एका आसनातून दुसऱ्यात भराभर जावं लागतं, गुडघ्याला दम मिळत नाही. ‘हठ’ किंवा ‘जेंटल’ असेल तर जा. वर्ग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोहोचा आणि शिक्षिकेला गुडघा आणि बीपी दोन्ही सांगा. मोडक्या इंग्रजीत, हिंदीत, हाताने दाखवून, कसंही सांगा. ते ऐकून घेऊन ‘मग तुम्ही हे असं करा’ असं जी सांगेल तिच्यासमोर निर्धास्त बसा. नुसती मान डोलावून जी पुढे गेली, तिच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसून आपल्याला झेपेल तेवढंच करा.

आता वाळूबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या फरशीवरचं आसन पुळणीवर तसंच्या तसं होत नाही. कोरड्या, भुसभुशीत वाळूत नुसतं चालायलाही कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते. अधोमुख श्वानासनात हात टेकले की आधी तळव्याचा मनगटाकडचा भाग रुततो आणि बोटं वर राहतात. मनगट घरच्यापेक्षा जास्त मुडपतं आणि दुसऱ्या दिवशी ठणकतं. उपाय सोपा आहे. पंच्याची बारीक गुंडाळी करून मनगटाजवळच्या भागाखाली घ्या. मॅट अंथरण्याआधी तिथली वाळू पायाने सारखी करा, तळव्यांनी थापटून घट्ट करा. एवढी दोन मिनिटं कुणी देत नाही, आणि मग तासभर सगळे आपल्या तोलाशी भांडत बसतात.

वीरभद्रासनात मागचा पाय हळूहळू बाहेर सरकतो आणि पुढचा गुडघा आत कलतो. दुखऱ्या गुडघ्याला नेमकं हेच सोसत नाही. म्हणून पावलांत अंतर कमी ठेवा, घरी ठेवता त्याच्या निम्मं. वृक्षासनात पाऊल मांडीपर्यंत न नेता घोट्याशी टेकवा, अंगठा जमिनीवर राहिला तरी चालेल. वाळूवर तोल सांभाळताना घोट्याचे बारीक स्नायू एवढं काम करतात की कमी करूनही भरपूर होतं.

पण हीच वाळू शवासनात आईसारखी वागते. मॅटच्या खाली गुडघ्यांच्या जागी वाळूचा बेताचा उंचवटा करा आणि टाचांसाठी दोन खळगे. मग आडव्या व्हा. कंबर आपोआप जमिनीला टेकते. घरी दोन उशा, तीन चादरी रचूनही हे इतकं नेमकं जमत नाही. मांडी घालून बसतानाही बैठकीखाली वाळूचा ढीग केलात तर गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील आणि दुखणार नाहीत.

किनारा समुद्राकडे उतरता असतो. समुद्राकडे तोंड करून बसलात आणि तशाच मागे आडव्या झालात तर डोकं माडांकडे, म्हणजे चढाकडे येतं. ते योग्य आहे. पण समुद्राकडे तोंड करून पुढे वाकलात की डोकं घरच्यापेक्षा आणखी खाली जातं. बीपीसाठी त्या वेळी उलट वळा, जमिनीकडे तोंड करा, आणि वर येताना हात मांड्यांवर टेकवत सावकाश या. सगळा वर्ग एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असं झालं तर होऊ दे. गोळी नेहमीच्या वेळेला घ्यायचीच.

शीर्षासन मात्र कुणीही कितीही आग्रह केला तरी वाळूवर करू नका. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी पाहुणी म्हणून एका वर्गात बसले होते. शिक्षक म्हणाले, वाळू मऊ आहे, पडलात तरी लागणार नाही. पडले नाहीच मी. पण डोक्याखालची वाळू एका बाजूने खचली आणि सगळा भार मानेच्या डाव्या अंगावर आला. तीन आठवडे मान वळत नव्हती, रात्री कूस बदलायची तर हाताने डोकं उचलून ठेवावं लागे. मी तेव्हा रोज शीर्षासन करणारी बाई होते. म्हणून हे इतकं जोर देऊन लिहितेय.

कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज उत्तम. फक्त कमीजला बाजूने गाठ मारा, नाहीतर पुढे वाकल्यावर तोंडावर येतो. ओढणी खोलीवर ठेवा. मंगळसूत्र आत घ्या. बांगड्या काढणार नसाल तर रुमालाने वर बांधा. जोडव्यांत वाळूचे कण शिरून बोट सोलवटतं, ती तासभर काढलेली बरी.

आणि पहिल्या सकाळी जाऊ नका. नाशिकहून रात्रभराचा प्रवास, अवेळी जेवण, अपुरी झोप, सगळं अंगात साचलेलं असतं. हठप्रदीपिकेत नवशिक्याने सुरुवातीच्या काळात प्रवासही वर्ज्य करावा असं सांगितलंय. त्याच ग्रंथात साधकाच्या जागेचं वर्णन आहे, तिथे धनुष्यभर अंतरात दगड, आग आणि पाणी नसावं असं म्हटलंय. आपण तर प्रवासात आहोत आणि पाण्याशेजारी बसणार आहोत. तेव्हा निदान पहिला दिवस शरीराला देऊ या. त्या सकाळी दोघी जणी नणंदेच्या म्हणण्याप्रमाणे फिरून या आणि लांबून वर्ग बघा. शिक्षिका सगळ्यांत मागच्या माणसाकडे कितीदा जाते, ते मोजा. दुसऱ्या दिवशी मॅट घेऊन जा.

---

प्रश्न : मी पुण्याचा, वय २४. सहलीत एका किनाऱ्यावर संध्याकाळच्या योगवर्गाला गेलो होतो. शेवटी आम्हाला मावळत्या सूर्याकडे पापणी न हलवता दहा मिनिटं बघायला लावलं, त्याला सूर्यत्राटक म्हणाले. नंतर दोन दिवस उजव्या डोळ्यासमोर करडा ठिपका दिसत होता. आता कमी आहे. सवय झाली की जाईल का?

उत्तर : याची सवय करायची नाही. आणि हा अंक बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. ठिपका कमी झाला असला तरी पडदा तपासून घ्या. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजत असताना माणसाला काहीच जाणवत नाही. मावळतीचा सूर्य लाल, सौम्य दिसतो म्हणून निर्धोक समजू नये.

त्राटक ही जुनी, चांगली क्रिया आहे. पण हठप्रदीपिकेत त्राटकासाठी ‘सूक्ष्म लक्ष्य’ सांगितलंय, बारीकशी एखादी वस्तू, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंतच. घरी, वारा नसलेल्या खोलीत, निरांजनाच्या ज्योतीवर करतात ते हेच. किनाऱ्यावर डोळे मिटून बसा आणि लाट फुटते तो आवाज ऐका, मग ती मागे सरते तो ऐका. दोन्ही अगदी वेगळे असतात. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा. मी वाट बघतेय.

---

प्रश्न : आमचं तारकर्लीजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. पाहुणे सारखं विचारतात की किनाऱ्यावर योग शिकवणारं कुणी आहे का. माझ्या सुनेने दोन वर्षांचा योगशिक्षिकेचा अभ्यासक्रम केलाय. या दिवाळीनंतर वर्ग सुरू करावा म्हणतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : काका, ही गोष्ट मला इतकी आवडली की तुमच्याकडे येऊन सुनेच्या वर्गात बसावंसं वाटलं. आपल्या किनाऱ्यावर आपल्या गावची मुलगी शिकवतेय, मालवणीत हसतेय आणि मुंबईचे पाहुणे ऐकताहेत. जरूर सुरू करा.

वेळ सकाळचीच ठेवा. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हवा शांत असते, ऊन माडांच्या आड असतं. दुपारनंतर खारा वारा सुटला की वाळू डोळ्यांत जाते आणि मॅटचे कोपरे धरून बसावं लागतं.

भरतीचा हिशोब तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहिते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, अर्धा-एक तास मागेपुढे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. म्हणजे दशमीला ऐन वर्गाच्या वेळी पाणी चढलेलं असणार. ती भरती भांगाची, फार वर येत नाही, पण घट्ट ओली पुळण पाण्याखाली जाते आणि वर्ग भुसभुशीत वाळूवर घ्यावा लागतो. त्या दिवशी बसून करायची आसनं आणि प्राणायाम ठेवायला सांगा. द्वितीया-तृतीयेला याच्या उलट. आठच्या सुमारास ओहोटी, पुळण लांब-रुंद आणि पावलाखाली घट्ट. उभ्याची आसनं, सूर्यनमस्कार त्या दिवसांत. कालनिर्णयाच्या पानावर सुनेने महिन्याचा वर्ग आधीच आखून ठेवावा. मांद्र्याला मी असंच करत असे.

रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, आधी विचारा. रापण ओढायला माणसांच्या दोन रांगा आणि मोकळा किनारा लागतो, आणि किनाऱ्यावर हक्क आधी त्यांचा. ज्या दिवशी होडी जाळं टाकून वळली, त्या दिवशी वर्ग शंभर पावलं पलीकडे न्या. पाहुण्यांना हवं तर वर्गानंतर दोरीला हात लावू द्या, रापणकर हो म्हणाले तर.

गावातली कुत्री शवासनात हमखास येतात आणि झोपलेल्या माणसाच्या शेजारी अंग टाकतात. त्यांना ओरडून हाकलू नये, सगळ्यांची शांतता मोडते. नातवंडांपैकी कुणाला तरी तेवढी वीस मिनिटं पोळी घेऊन लांब बसवा. पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. पायाला लागले तर खोबरेल चोळलं की निघतात, एक बाटली ठेवाच. आणि पाऊस लागला की वर्ग घराच्या पडवीत. २०१५ पासून २१ जूनला योग दिन असतो. आपल्याकडे तेव्हा समुद्र खवळलेला असतो, त्या दिवशी हौसेखातर कुणाला पाण्याजवळ नेऊ नका.

एक शेवटचं, आणि हे माझ्या जिवाजवळचं आहे. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. पहाटेच्या वर्गासाठी हॅलोजनचे दिवे लावू नका, प्रकाशाने पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. सुनेने मॅट अंथरण्याआधी रोज भरतीरेषेच्या वर एक फेरी मारावी. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा, दोन्ही बाजूंनी वल्ह्यांचे ठसे असलेला पट्टा पाण्यातून वर आलेला दिसला, तर त्या पट्ट्यावर कुणाला पाय टाकू देऊ नका. वन खात्याला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत तिथेच उभे राहा. पाहुण्यांना मॅटा गुंडाळून पडवीत बसवा आणि तुमच्याकडून चहा द्या.