तंबूची खुंटी वाळूत का टिकत नाही?

प्रश्न : मोकळ्या वाळूत ठोकलेल्या खुंट्या हाताला घट्ट लागतात, पण वारा सुटला की एकेक उपटून येते. लांब खुंट्या घ्याव्यात का?

उत्तर : थोडा फरक पडेल, पण तेवढ्याने भागणार नाही. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. दर झोताला दोर हिसका देतो, खुंटी केसभर सरकते आणि मागच्या फटीत वाळू ओघळते. रात्रभर हेच चाललं की सकाळी खुंटी वर आलेली दिसते. म्हणून इथे ठोकू नका, पुरा.

जाड कापडाच्या पिशवीत दहा लिटर वाळू भरा. दोर पिशवीच्या तोंडाला बांधू नका, कमरेला बांधा. दोराच्या दिशेला आडवा, ४५ सेंटिमीटर खोल चर खणून पिशवी तळाशी ठेवा. आता चरापासून तंबूच्या बाजूला, दोराच्या उताराने, एक अरुंद खाच काढा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : खाच नसली की दोर चरातून उभा वर येतो आणि ताण पिशवीलाच उचलतो. मग थराथराने वाळू टाका आणि प्रत्येक थर पायाने दाबा. पिशवी नसेल तर हातभर लांबीची जाड काठी मधोमध बांधून पुरा.

हीच पिशवी जमिनीवर ठेवून भागेल असं वाटतं, पण तिचं वजन जेमतेम १५-१६ किलो. पुरल्यावर वरच्या वाळूचा भारही कामी येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. भेगाळलेली, दगडासारखी माती, खुंट्याच वाकतात.

उत्तर : बांधकामाची १२ मिलिमीटरची सळई घ्या, ६० सेंटिमीटर लांब, वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. आकड्याचं तोंड आणि माथ्याचा किंचित कल, दोन्ही तंबूच्या विरुद्ध दिशेला. घणाचे घाव सळईच्या रेषेतच पडू द्या. तिरक्या घावाने भोक रुंदावतं आणि पकड जाते. आकडा मातीला टेकेपर्यंत थांबू नका. चार बोटं जरी वर राहिला तरी दोराला तरफ मिळते. काढताना बुडाशी थोडं पाणी ओता, पाच मिनिटांनी पाइप पान्याने पिळत वर घ्या. सरळ ओढून कंबर धराल.

प्रश्न : संध्याकाळी ताणलेले दोर पहाटे ढिले का पडतात?

उत्तर : दोर नायलॉनचे असतील. ओल धरली की नायलॉन लांबतं. पॉलिएस्टरचे लावा.