भर उन्हात अंगावर काटा का आला?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षे नियमित धावते. यापूर्वीच्या दोन मॅरेथॉन मी साडेचार तासांच्या आसपास पूर्ण केल्या. तिसरीसाठी सोळा आठवडे पहाटेच्या गारव्यात सराव केला. शर्यतीच्या दिवशी मात्र सकाळी सहालाच हवा दमट होती आणि दहा वाजेपर्यंत पारा ३३ अंशांवर गेला. अर्ध्या अंतरापर्यंत ठरवलेला पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) कसाबसा टिकवला. २८ व्या किलोमीटरनंतर पायांतले बळ गेले, चालतानाही हृदयाचे ठोके खाली येईनात आणि ३४ व्या किलोमीटरला, डोक्यावर ऊन असताना, दोन्ही हातांवर काटा उभा राहून थंडी वाजू लागली. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले पाणी पीत होते, तरी उपयोग झाला नाही. उलट शेवटी बोटे सुजून अंगठी घट्ट झाली. उरलेले अंतर चालत, सावलीत थांबत ६ तास १० मिनिटांत संपवले. तयारी कमी पडली, की माझे मनच कच्चे निघाले, हा विचार पाठ सोडत नाही.

उत्तर : तुमचे मन कच्चे निघाले नाही आणि सोळा आठवड्यांचा सरावही वाया गेला नाही, हे सर्वांत आधी सांगतो. तुमच्या चुका झाल्या, पण त्या तुम्ही शोधता आहात तिथे नाहीत. पहिली चूक सुरुवातीच्या दोन तासांत झाली आणि दुसरी ३४ व्या किलोमीटरला. मधल्या ज्या चालण्याची तुम्हाला लाज वाटते आहे, तो त्या दिवसातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. बाकी सारी उष्णता होऊन अंगात साठू पाहते. ६० किलो वजनाची व्यक्ती एक किलोमीटर धावताना ढोबळमानाने ६० किलोकॅलरी खर्च करते. तुमच्या वेगाने तासाला सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटर धरले, तर दर तासाला चारशेहून अधिक किलोकॅलरी एवढी उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे कागदावर हिशेब सहज जुळतो. मात्र या हिशेबात ‘वाळला’ हा शब्द कळीचा आहे. दमट हवेत घाम वाळत नाही. तो हनुवटीवरून आणि कोपरांवरून ठिबकतो, मोजे भिजवतो, बूट जड करतो, आणि ठिबकून गेलेल्या घामाने अंग जवळजवळ गार होतच नाही. म्हणूनच शर्यतीतील उष्णतेचा धोका मोजताना जाणकार नुसता पारा पाहत नाहीत. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोजमापात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला अवघे १० टक्के वजन दिलेले असते. तुम्ही पत्रात ३३ अंशांचा उल्लेख केला आहे. मला मात्र सकाळी सहाच्या दमट हवेची अधिक काळजी वाटली असती.

आता हृदयाच्या ठोक्यांविषयी. अंग गार ठेवण्यासाठी शरीर अधिकाधिक रक्त त्वचेकडे वळवते, तेच रक्त पायांच्या स्नायूंनाही हवे असते, आणि घामावाटे पाणी गेल्यामुळे रक्तातील द्रव तर घटतच असतो. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. त्यामुळे गारव्यात जो पेस तुम्हाला गप्पा मारत जमत होता, तोच पेस त्या दिवशी १० व्या किलोमीटरपासूनच तुमच्या ताकदीबाहेरचा होता. घड्याळावर आकडा तोच दिसत असल्यामुळे ते लक्षात आले नाही, एवढेच.

हे जगातील सर्वोत्तम धावपटूंनाही चुकलेले नाही. २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दोहा येथील महिलांची मॅरेथॉन ऊन टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू करण्यात आली, तरी तापमान ३० अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक होती. ६८ जणींपैकी २८ जणींना शर्यत अर्धवट सोडावी लागली. विजेत्या रूथ चेपन्गेटिच यांना २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले; त्याच वर्षी जानेवारीत दुबईत त्यांनी तेच अंतर २ तास १७ मिनिटे ८ सेकंदांत पार केले होते. त्यांचा वेळ पंधरा मिनिटांनी लांबला, तर दुप्पट वेळ उन्हात राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचा तास-दीड तासाने लांबला, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की हवामानाचा अंदाज वाईट असेल तर वेळेचे लक्ष्य आदल्या रात्रीच सोडून द्यावे. सुरुवातीच्या रेषेवर, गर्दीच्या उत्साहात, ते कोणालाच सोडवत नाही. मी माझ्याकडे सराव करणाऱ्यांना अशा दिवशी किलोमीटरमागे निदान अर्धा ते एक मिनिट संथ सुरुवात करायला सांगतो, आणि १५ व्या किलोमीटरच्या आधी श्वास लागला तर त्याहूनही संथ. दुसरी गोष्ट सवयीची. उष्णतेत रोज तासभर हलका व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बरेच बदलते : रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते. तुमचा सगळा सराव पहाटे झाल्यामुळे तुमच्या शरीराला ही संधीच मिळाली नाही. शेवटचे दोन आठवडे थोडे उशिरा धावला असता, तर पुष्कळ फरक पडला असता. मात्र ही सवय काही आठवड्यांत विरते, त्यामुळे ती शर्यतीच्या तोंडावरच लावून घ्यावी लागते.

पाण्याच्या बाबतीत मला तुम्हाला थोडे रागवायचे आहे. सुजलेली बोटे आणि घट्ट झालेली अंगठी ही पाणी कमी पडल्याची खूण नसते. ती गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याची असू शकते. चालू लागल्यावर घाम कमी झाला, पण टेबलावरचे दोन पेले तेवढेच राहिले. अशा वेळी रक्तातील सोडियम (मिठातला मुख्य क्षार) पातळ होते, मेंदूला सूज येऊ शकते आणि क्वचित त्यात जीवही जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण विशेष होते. क्षारयुक्त पेय प्यायल्याने यातून सुटका होते, हाही गैरसमज आहे, कारण त्या पेयात रक्ताच्या मानाने मीठ फारच थोडे असते. तहान लागेल तेवढे प्या आणि दुसरा पेला डोक्यावर, मानेवर, हातांवर ओता. आपल्याला साधारण किती घाम येतो, हे सरावातच कळते : तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे आणि मधे प्यायलेले पाणी त्यात धरावे.

राहिला तो काटा. उन्हात अंगावर काटा येणे, थंडी वाजणे, त्यासोबत मळमळ, गरगरणे किंवा डोके ठणकणे, यांचा अर्थ उष्णता हाताबाहेर जाऊ लागली आहे. त्या क्षणी तुम्ही चालतही पुढे जायला नको होते. सावलीत बसून, अंगावर पाणी ओतून, जवळच्या स्वयंसेवकाला बोलावणे हेच योग्य ठरले असते, मग शर्यत तिथेच संपली असती तरी. तुम्ही मधूनमधून सावलीत थांबलात, त्यामुळे निभावले.

थांबण्यात कमीपणा वाटत असेल, तर १९१२ ची स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन आठवा. तीही कडक उन्हात झाली होती. पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो ३० व्या किलोमीटरच्या आसपास कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. उन्हापासून बचाव म्हणून त्यांनी अंगाला मेणासारखा लेप लावला होता आणि त्यामुळे घामाला वाट उरली नाही, असे सांगितले जाते. त्याच शर्यतीत जपानचे शिझो कानाकुरी वाटेतल्या एका घराच्या बागेत पाणी प्यायला थांबले, तिथेच विसावले आणि पुन्हा रस्त्यावर आलेच नाहीत. त्यानंतर ते आणखी दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. १९६७ मध्ये त्यांना स्टॉकहोमला सन्मानाने बोलावून ती जुनी शर्यत पूर्ण करायला लावली आणि वेळ जाहीर झाली : ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद.

प्रश्न : मी मॅरेथॉनमध्ये पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. शेवटच्या टप्प्यात सगळेच दमलेले दिसतात. त्यांतला खरोखर धोक्यात असलेला धावपटू ओळखायचा कसा?

उत्तर : त्याच्याशी बोलून. हे मी अनुभवाने शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर ३७ व्या किलोमीटरपाशी उभा असताना एक तरुण संथ, पण सरळ चालीने आला. मी पुढे केलेला पेला त्याने घेतला, तोंडाकडे नेला आणि पाणी ओठांच्या बाजूने छातीवर सांडले, तरी त्याला कळले नाही. “कितवा किलोमीटर?” असे विचारल्यावर तो हसून “आलोच” म्हणाला. पुन्हा विचारले, पुन्हा “आलोच”. छातीवरचा बिब (धावपटूच्या क्रमांकाचा कागद) चिंब भिजलेला होता, घाम अखंड गळत होता, आणि बर्फाच्या पिशवीसाठी आम्ही धावेपर्यंत तो वळून ज्या दिशेने आला होता त्याच दिशेला चालू लागला. त्याला आम्ही वेळेत खाली बसवले आणि तो बरा झाला. पण आधी कोणी त्याच्याशी बोलले नसते, तर ‘ठीक दिसतो आहे’ म्हणून मीच त्याला पुढे जाऊ दिले असते.

धावपटूच्या उष्माघाताची दोन मुख्य लक्षणे म्हणजे शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाणे आणि मेंदूच्या कामात बिघाड होणे. तापमान टेबलावर मोजता येत नाही. कपाळाला किंवा कानाला लावायची यंत्रे अशा वेळी फसवतात. त्यामुळे वागणूक पाहावी : असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडणे, झोकांड्या, चुकीच्या दिशेला जाणे. घाम थांबला तरच उष्माघात, ही समजूत मनातून काढून टाका, कारण धावताना उष्माघात झालेल्या कित्येकांना भरपूर घाम येत असतो. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकची पहिली महिला मॅरेथॉन झाली, तेव्हा स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस वाकड्या झालेल्या अंगाने, एक पाय ओढत मैदानात आल्या. मदतीचा हात लागला तर बाद ठरू म्हणून त्यांनी डॉक्टरांना दूर केले, आणि घाम येत असल्याचे पाहून डॉक्टरांनीही त्यांना जाऊ दिले. शेवटच्या फेरीला त्यांना साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. त्या ३७ व्या आल्या आणि लवकरच सावरल्याही. तरी ते दृश्य मला कधी शौर्याचे वाटले नाही, पाहताना जीव मुठीत धरावा असेच वाटते. आजच्या नियमांनुसार नेमलेल्या डॉक्टरांनी तपासण्यासाठी हात लावला, म्हणून कोणी बाद होत नाही. हे तुमच्या टेबलावरच्या सर्वांना ठाऊक असू द्या आणि घाबरलेल्या धावपटूलाही सांगा.

संशय आला की वैद्यकीय पथकाला हाक मारा आणि ते येईपर्यंत थांबून राहू नका. आधी गार करायचे, मग हलवायचे, हा क्रम पाळा. टब असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवावे आणि डोके एकाने धरून ठेवावे. नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सर्वांगावर सतत बदलत राहावे आणि वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : माझ्या भावाला मागच्या महिन्यात शर्यतीत उष्माघात झाला आणि तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. पुढच्या शर्यतीत त्याने नाव घातले आहे. त्याने पळावे का?

उत्तर : आताच नाही. रुग्णालयातून आल्यावर निदान आठवडाभर कोणताही व्यायाम करू नये आणि त्यानंतर यकृत, मूत्रपिंड व स्नायूंच्या रक्ततपासण्या पूर्ववत आल्याखेरीज डॉक्टरांनी परवानगी देऊ नये, असा दंडक आहे. सुरुवात गारव्यात आणि अगदी हलक्या व्यायामाने करावी, उष्णतेशी ओळख दोनेक आठवड्यांत थोडी थोडी करून द्यावी आणि त्या काळात त्याने एकट्याने धावू नये. शर्यतीच्या दिवसांत त्याला ताप, जुलाब किंवा जागरण झाले होते का, वेदनाशामक गोळी घेऊन तो धावला होता का, हेही नीट विचारून डॉक्टरांना सांगा. उष्माघाताचे कारण पुष्कळदा आदल्या दोन दिवसांतच सापडते.