अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना मतदार उमेदवाराचा वंश बघतात का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. डेमोक्रॅट पक्षाच्या कमला हॅरिस २०२४ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांच्यापुढे वंशामुळे हरल्या का, आणि पुढे कधी भारतीय वंशाचा उमेदवार उभा राहिला तर त्याचंही तेच होईल का?

वंशाचा परिणाम होतो आणि चांगलाच होतो. पण लोक तो नोव्हेंबरच्या मतपेटीत शोधतात आणि तिथे तो सगळ्यात कमी सापडतो. त्याचं बहुतेक काम आधीच उरकलेलं असतं. मतदार कुठल्या पक्षाचा झाला तेव्हा, पक्षाने उमेदवार निवडला तेव्हा, आणि त्या दिवशी कोण घराबाहेर पडलं यात.

आधी २०२४ चे आकडे. मी एक्झिट पोलपेक्षा प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीवर जास्त भरवसा ठेवतो, कारण ते निवडणुकीनंतर सरकारी मतदारनोंदी ताडून, उत्तर देणाऱ्याने खरंच मतदान केलं होतं का ते तपासतात. त्यांच्या हिशेबाने २०२० मध्ये गोऱ्या मतदारांत ट्रम्प ५५ टक्के, बायडन ४३. २०२४ मध्ये ट्रम्प ५५, हॅरिस ४३. वयस्कर गोऱ्या पुरुषाच्या जागी कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाची स्त्री उभी राहिली आणि काटा जागचा हलला नाही. (आत थोडी ये-जा झाली असेलच. सरासरी ती झाकते.)

मग मतं गेली कुठे? हे काढायची रीत सोपी आहे. त्या गटातली आघाडी किती बदलली ते काढा आणि एकूण मतदारांत त्या गटाचा जेवढा हिस्सा आहे त्याने गुणा. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) मतदारांत बायडन ६१–३६, म्हणजे २५ ची आघाडी. हॅरिस ५१–४८, म्हणजे ३ ची. फरक २२, हिस्सा सुमारे १० टक्के, म्हणून देशपातळीवर २.२ टक्के. कृष्णवर्णीयांत ९२–८ चं ८३–१५ झालं. आघाडी १६ ने घटली, हिस्सा ११ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेदोन. आशियाई मतदारांत ७०–३० वरून ५७–४०. हिस्सा लहान, तरी जवळपास एक टक्का. बेरीज पाचाच्या घरात. देशभरात एकूण बदल झाला सहाचा, कारण बायडन साडेचार टक्क्यांनी पुढे होते आणि नंतर ट्रम्प दीड टक्क्याने. हिशेब ढोबळ आहे. हिस्सेही दर वेळी थोडे बदलतात, आणि २०२० चे बरेच बायडनवाले ट्रम्पकडे न जाता घरीच बसले. पण दिशा स्पष्ट आहे. हॅरिसना फटका बसला तो गोरेतर मतदारांत. त्यामुळे ‘गोऱ्यांनी कृष्णवर्णीय बाईला नाकारलं’ हे स्पष्टीकरण, निदान एकटं, पुरत नाही.

गोऱ्यांचा आकडा एवढा घट्ट का, याचं उत्तर १९६४ मध्ये आहे. त्या वर्षी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. चारच वर्षांपूर्वी, १९६० मध्ये, रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना कृष्णवर्णीयांची जवळपास तिसरा हिस्सा मतं मिळाली होती. १९६४ नंतर रिपब्लिकन पक्षाला तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही. आणि १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला गोऱ्या मतदारांचं बहुमत मिळालेलं नाही. कार्टर, क्लिंटन, ओबामा, बायडन, सगळे त्याशिवायच जिंकले. म्हणजे उमेदवार कोण हे ठरायच्या कितीतरी आधी वंशाने मतदार पक्षांत वाटून टाकलेले असतात. त्यातही गोरे एकजिनसी नाहीतच. २०२४ च्या एक्झिट पोलनुसार पदवी नसलेल्या गोऱ्यांत ट्रम्प ६६ टक्के, तर पदवीधर गोऱ्यांत हॅरिस पुढे.

उमेदवाराच्या वंशाचा निव्वळ, थेट परिणाम मोजायचा असेल तर २००४ आणि २००८ शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा एक्झिट पोल झाले. दोन्ही उमेदवार उत्तरेतले डेमोक्रॅट सिनेटर. फरक एवढाच की जॉन केरी गोरे आणि बराक ओबामा कृष्णवर्णीय. देशभरात केरींना गोऱ्यांची ४१ टक्के मतं, ओबामांना ४३. इथे थांबलात तर वाटेल, काहीच झालं नाही. पण राज्यवार गेलात की चित्र फाटतं. अलाबामात केरींना गोऱ्यांची १९ टक्के, ओबामांना १०. लुइझियानात २४ चे १४ झाले. त्याच दिवशी व्हरमाँटमध्ये दोन-तृतीयांशाहून जास्त गोऱ्यांनी ओबामांना मत दिलं. आणि हे आर्थिक मंदीचं वर्ष होतं, सत्ताधारी पक्षावर लोक चिडलेले होते. म्हणजे ४३ च्या आकड्यात मंदीने दिलेलं आणि वंशाने काढून घेतलेलं, दोन्ही मिसळलंय. गूगलवर वंशद्वेषी शब्द कुठल्या भागात किती शोधले जातात त्यावरून केलेल्या एका अभ्यासाने २००८ मधलं हे नुकसान चार टक्क्यांच्या आसपास धरलं होतं. मला तो आकडा चढा वाटतो, पण शून्य मानायलाही आधार नाही. ओबामांनी ते भरून काढलं दोन गोष्टींनी: कृष्णवर्णीयांची ९५ टक्के मतं, आणि त्यांचं वाढलेलं मतदान. शिवाय अलाबामा आणि लुइझियाना डेमोक्रॅटांच्या हातून आधीच गेलेली राज्यं होती. तिथे गोऱ्यांनी १९ टक्के मतं दिली काय नि १० टक्के दिली काय, इलेक्टोरल मतांत (राज्य जिंकणाऱ्याला मिळतात आणि निकाल ठरवतात ती मतं) फरक शून्य.

मतदान करणाऱ्यांची संख्या, या बाजूकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. २०१२ मध्ये कृष्णवर्णीयांचं मतदान ६६.६ टक्के होतं, गोऱ्यांपेक्षाही जास्त. २०१६ मध्ये ओबामा मतपत्रिकेवर नव्हते आणि ते ५९.६ वर आलं. त्या वर्षी विस्कॉन्सिन राज्य डेमोक्रॅटांच्या हातून २२,७४८ मतांनी गेलं. एकट्या मिलवॉकी शहरात, जिथे राज्यातले बहुतेक कृष्णवर्णीय राहतात, २०१२ च्या तुलनेत चाळीस हजारांच्या आसपास कमी मतदान झालं. ओळखपत्राचा नवा कायदाही त्याच राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत पहिल्यांदा लागू होता, म्हणून सगळं खापर उमेदवारावर फोडता येत नाही.

आता प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक. माझ्या मते वंशाचा खेळ खरा रंगतो तो इथेच, कारण सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षाचा शिक्का उपयोगी पडत नाही. आणि इथे मतदार स्वतःच्या आवडीपेक्षा ‘बाकीचे लोक याला मत देतील का?’ याचा विचार जास्त करतात. आपल्याकडचं ‘मत वाया घालवू नका’ आठवा, तीच जातकुळी. २००७ मध्ये बरेच कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटन यांच्याकडे होते, कारण गोरे लोक ओबामांना मत देतील यावर त्यांचाच विश्वास नव्हता. ३ जानेवारी २००८ ला नव्वद टक्क्यांहून जास्त गोरी वस्ती असलेल्या आयोवाने ओबामांना जिंकवलं आणि ती शंका फिटली. त्याच महिन्यात साउथ कॅरोलिनात, जिथे डेमोक्रॅट प्रायमरीत अर्ध्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात, त्यांच्यातल्या पाचांपैकी जवळपास चौघांनी ओबामांना मत दिलं. २०२० ला हेच गणित उलट फिरलं. हॅरिस डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडल्या. साउथ कॅरोलिनातले खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी त्यांना तारलं. आवडीचा माणूस निवडण्यापेक्षा ट्रम्पना पाडू शकेल असा माणूस निवडणं त्यांना जास्त मोलाचं वाटलं, आणि ‘पाडू शकेल असा’ म्हणजे बहुतेकांच्या हिशेबात गोरा पुरुष. द्वेष नसतानाही वंश कसा नडतो याचा हा नमुना. म्हणून पुढच्या निवडणुकीचा अंदाज बांधताना मी आधी प्रायमरींचा क्रम बघतो. कुठलं राज्य पहिलं, आणि तिथे मतदार कोण.

लोक सर्वेक्षणात काय सांगतात त्यावर किती विसंबायचं? गॅलप या सर्वेक्षण संस्थेने १९५८ मध्ये विचारलं होतं की तुमच्या पक्षाने लायक कृष्णवर्णीय उमेदवार दिला तर मत द्याल का? तेव्हा ३८ टक्के हो म्हणाले होते, २०१९ मध्ये ९६ टक्के. यातला काही भाग खरा बदल आहे आणि काही भाग म्हणजे काय बोलावं याचं भान. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. चाचण्यांत पुढे, मतमोजणीत लाखाहून कमी मतांनी मागे. तेव्हापासून ‘ब्रॅडली इफेक्ट’ हा शब्द रूढ झाला, म्हणजे चाचणीवाल्याला हो म्हणायचं आणि आत जाऊन दुसऱ्याला मत द्यायचं. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत आरामात पुढे होते आणि निवडून आले ते सात हजारांहून कमी मतांनी. पण ब्रॅडलींच्या बाबतीत टपालाने आलेल्या मतांनीही मोठा घात केला होता, हे सांगायचं लोक विसरतात. आणि २००८ मध्ये ओबामांना चाचण्यांइतकीच मतं पडली. आज कुणी हा इफेक्ट सांगून चाचणीचा आकडा कापत असेल तर त्याचं ऐकू नका.

संशोधक थेट प्रश्न टाळून आडून विचारतात. ‘आयरिश, इटालियन, ज्यू लोक स्वतःच्या कष्टांवर वर आले, कृष्णवर्णीयांनीही खास सवलतींशिवाय तसंच यावं’, अशा धाटणीच्या चार विधानांशी कितपत सहमत आहात ते विचारून गुण देतात. मताचा अंदाज या गुणांवरून चांगला येतो. अडचण अशी की सरकारी मदतीला तत्त्वतः विरोध करणारा माणूसही इथे वंशाबद्दल कटू ठरतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी. एक्झिट पोलमध्ये मतदारांतला गोऱ्यांचा हिस्सा २०२० ला ६७ टक्के आणि २०२४ ला ७१ दिसतो. देश चार वर्षांत जास्त गोरा झालेला नाही, नमुन्यातला फरक आहे तो. म्हणून शक्यतो प्रत्यक्ष निकाल बघावा. दक्षिणेतली काही राज्यं, उदाहरणार्थ जॉर्जिया, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, मतदारनोंदणीतच वंश विचारतात, त्यामुळे तिथे कोण मतदानाला आलं ते मोजून सांगता येतं. (आपल्या मतदारयादीत जातीचा रकाना नाही, तरी दर निवडणुकीत मतदारसंघातल्या जातींचे आकडे छातीठोकपणे फिरतात!) आणि जिथे वस्ती जवळजवळ एकाच गटाची आहे तिथला निकाल सर्वेक्षणापेक्षा खूप सांगतो. टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) ९५ टक्क्यांहून जास्त लोक लॅटिनो आहेत. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तिथे साठ टक्क्यांनी पुढे होत्या, २०२० ला बायडन पाचांनी, आणि २०२४ ला ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर तिथे जिंकलेले ते पहिले रिपब्लिकन. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला अरब वंशाच्या लोकांनी गाझाच्या युद्धावरून हॅरिसना दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. जनगणनेत अरब इतकी वर्षं ‘गोरे’ म्हणून मोजले गेलेत, तेव्हा सर्वेक्षणाच्या रकान्यांवरून हे दिसलंही नसतं.

भारतीय वंशाच्या उमेदवाराचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. स्वतःच्या समाजाच्या मतांवर कुणी राष्ट्राध्यक्ष होणार नाही. भारतीय मतदार देशात एक-दोन टक्क्यांच्या आसपास, आणि तेही एकगठ्ठा नाहीत. कार्नेगी या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत हॅरिसना ६१ टक्के, ट्रम्पना ३२ टक्के पसंती होती. डेमोक्रॅट प्रायमरीत मुख्य अडचण वर सांगितलेली, ‘बाकीचे मत देतील का’ ही. रिपब्लिकन बाजूला धर्माचा प्रश्न जास्त उघडपणे येतो. २०२४ ची उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामींना आयोवात हिंदू असण्याबद्दल भर सभेत उत्तर द्यावं लागलं. त्याच शर्यतीतल्या निक्की हेली ख्रिस्ती आहेत, तरी ट्रम्प यांनी त्यांचं पंजाबी नाव मोडून-तोडून वापरलंच. दोघंही प्रायमरीतच थांबले, पण ट्रम्पपुढे त्या वर्षी गोरे उमेदवारही टिकले नाहीत.

दुसऱ्यांच्या मतांवर निवडून यायचं उदाहरण हवं असेल तर ते मराठी माणसांतच आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून काँग्रेसवर (अमेरिकी संसदेवर) गेले. त्या शहरात चारांपैकी तिघांहून जास्त लोक कृष्णवर्णीय. प्रायमरीत कृष्णवर्णीय उमेदवार अनेक होते, मतं फुटली, आणि भरपूर स्वतःचा पैसा ओतलेले ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर निघाले. परिणामी १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदाच डेट्रॉईटचा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि ती नाराजी आजही त्यांच्या विरोधकांच्या प्रचारात येते. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र ठाणेदार उभेच राहू शकत नाहीत. राज्यघटनेनुसार त्यासाठी जन्माने अमेरिकी नागरिक असावं लागतं.