'कोट ऑफ आर्म्स'ला बोधचिन्ह म्हणावं का?

भुसावळच्या एका सरांनी विचारलंय: पॅरिसवर मराठीत लेख लिहितोय, शहराच्या 'कोट ऑफ आर्म्स'ला, म्हणजे ढालीवरच्या अधिकृत चिन्हाला, काय म्हणू? बोधचिन्ह की राजमुद्रा?

मी मानचिन्ह म्हणेन.

मूळ प्रकार रणांगणावरचा. बाराव्या शतकात युरोपातले सरदार शिरस्त्राणाने तोंड झाकून लढायचे, तेव्हा आपला कोण नि परका कोण हे ढालीवरच्या आणि चिलखतावर चढवलेल्या अंगरख्यावरच्या खुणेवरून ओळखायचं. 'कोट' तो हाच, अंगरखा. (आपल्या भुईकोटाशी त्याचं काही नातं नाही!) पुढे ही खूण वंशपरंपरेने चालू लागली, शहरांनीही घेतली. इंग्लंडात ती आजही राजाच्या अधिकाऱ्यांकडून रीतसर मिळवावी लागते. म्हणजे हा मान झाला. पोळ्याला मानाचा बैल वेशीतून आधी जातो, त्यातला मान.

राजमुद्रा मात्र नको. मुद्रा कागदावर उमटते आणि हे चिन्ह शहराचं, राजाचं नव्हे. अर्थात पॅरिसच्या ढालीवरचं गलबत मुळात सेन नदीवर मालवाहतूक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या शिक्क्यातलं, त्यामुळे नुसतं 'मुद्रा' म्हणणारा अगदीच चुकत नाही. ढालीच्या वरच्या निळ्या पट्ट्यातली सोनेरी फुलं फ्रेंच राजघराण्याची. खाली व्यापारी, वर राजा. शहर कोणाच्या जिवावर वाढलं नि कोणाच्या छत्राखाली, ते तेवढ्यात कळतं. 'हेलकावे खातं, पण बुडत नाही' या अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य 1853 मध्ये अधिकृत झालं.

बोधचिन्ह चालेल, पण फरक पुसला जातो. बँकेचं, संमेलनाचं बोधचिन्ह ठरलेलं चित्र असतं. रेघ हलली की ते चुकलं. इथे ठरलेलं असतं ते शब्दांतलं वर्णन. 'लाल ढालीवर रुपेरी गलबत' एवढं पाळलं की शीड किती फुगवायचं ते चित्रकाराने बघावं.

मानचिन्हात एक अडचण आहे: सत्काराला शाल-श्रीफळासोबत हातात देतात तेही मानचिन्हच. म्हणून पहिल्यांदा 'पॅरिस शहराचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स)' असं लिहा, पुढे नुसतं मानचिन्ह पुरे.

उद्या भुसावळसाठी असं काही करायचं झालं, तर वर्णनात फक्त 'रेल्वे इंजिन' लिहा. वाफेचं की विजेचं, हा वाद चित्रकाराच्या गळ्यात.